अकाली प्रसूतीची चाहूल : स्थूल गर्भवतींच्या रक्तातील खुणा कशा वाचाव्यात?

नऊ महिने नऊ दिवसांचा हिशेब मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो चुकला आणि दिवस भरण्याआधीच बाळ आले, की ‘सातव्याचे जगते, आठव्याचे जगत नाही’ असा जुना समज कोणीतरी बोलून दाखवते. वैद्यकशास्त्राचा हिशेब याच्या उलट आणि अधिक सरळ आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि आतड्यांना बळ देतो. म्हणूनच कोणत्या गर्भवतीची प्रसूती वेळेआधी होण्याचा संभव आहे, हे अगोदर ओळखता यावे यासाठी तीन दशकांहून अधिक काळ संशोधन सुरू आहे. रक्तात, योनीस्रावात किंवा गर्भजलात सापडणारी एखादी खूण पुढच्या संकटाची चाहूल देईल काय, हा या संशोधनाचा गाभा आहे. अशा खुणांना जैवसूचक किंवा बायोमार्कर म्हणतात.

स्थूल स्त्रियांच्या बाबतीत हा शोध जितका निकडीचा, तितकाच अवघड आहे. त्यांना काही प्रकारच्या अकाली प्रसूतीचा धोका अधिक असतो. मात्र ज्या रेणूंवरून भाकीत करायचे, त्यांपैकी अनेकांचे रक्तातील प्रमाण केवळ वजनामुळेच कमी किंवा जास्त झालेले असते. आकडा बदलला आहे तो प्रसूती जवळ आल्यामुळे की शरीरातील चरबीमुळे, हे ठरवता आले नाही तर महागडी चाचणीही दिशाभूल करू शकते.

मुदतपूर्व म्हणजे नेमके किती?

गर्भारपणाचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी झालेल्या जन्माला मुदतपूर्व जन्म म्हणतात. त्यातही ३२ ते ३७ आठवड्यांतील बाळे, २८ ते ३२ आठवड्यांतील बाळे आणि २८ आठवड्यांच्याही आधी जन्मलेली अत्यंत अपुऱ्या दिवसांची बाळे असे टप्पे मानले जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे मुदतपूर्व जन्मली. संख्येच्या दृष्टीने भारत या यादीत पहिला असून त्यातील सुमारे ३० लाख बाळे भारतातील होती. पाच वर्षांखालील बालमृत्यूंचे सर्वांत मोठे कारण मुदतपूर्व जन्मातून उद्भवणारी गुंतागुंत हेच आहे.

चाहूल आधी लागल्याने काय साधते? प्रसूती पूर्णपणे थांबवणे बहुधा शक्य नसते, पण मिळालेल्या दोनचार दिवसांत दोन कामे करता येतात. पहिले काम म्हणजे आईला स्टेरॉइडची इंजेक्शने देऊन बाळाची फुप्फुसे लवकर परिपक्व करणे. भारत, बांगलादेश, पाकिस्तान, केनिया आणि नायजेरियात जागतिक आरोग्य संघटनेने घेतलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. २६ ते ३४ आठवड्यांदरम्यान प्रसूतीची शक्यता असलेल्या मातांना डेक्सामेथासोन दिल्यावर नवजात बालकांच्या मृत्यूचे प्रमाण २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले. या चाचणीत बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचा सहभाग होता. दुसरे काम म्हणजे आईला नवजात अतिदक्षता विभाग असलेल्या इस्पितळात वेळेत हलवणे. काणकोण किंवा सत्तरीतील एखाद्या गावातील गर्भवतीने कळा सुरू झाल्यावर मध्यरात्री बांबोळीकडे निघणे आणि दोन दिवस आधीच तेथे दाखल झालेली असणे, यांत बाळाच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

स्थूलता आणि अकाली प्रसूती : दोन वेगळ्या वाटा

या विषयावरील सर्वांत मोठ्या अभ्यासांपैकी एक स्वीडनमध्ये झाला. १९९२ ते २०१० या काळातील सुमारे १६ लाख प्रसूतींच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वजनाचे मोजमाप बीएमआय या निर्देशांकाने केले होते. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की हा निर्देशांक मिळतो. सर्वसाधारण वजनाच्या स्त्रियांमध्ये २२ ते २७ आठवड्यांदरम्यान प्रसूती होण्याचे प्रमाण दर १० हजारांत १७ होते. बीएमआय ४० किंवा त्याहून अधिक असलेल्या स्त्रियांमध्ये ते ५२ होते. धोका सुमारे तिप्पट झाला, हे खरे. मात्र या सर्वाधिक वजनाच्या गटातही १० हजारांपैकी ९,९४८ स्त्रियांची प्रसूती त्या टप्प्यात झाली नाही, हेही त्याच आकड्यांतून दिसते. स्थूल गर्भवतीला घाबरवून सोडण्याचे कारण नाही, तिच्याकडे अधिक बारकाईने पाहण्याचे कारण मात्र आहे.

अकाली प्रसूती दोन वाटांनी होते. पहिल्या वाटेने ती आपोआप सुरू होते. कळा येतात, गर्भाशयमुख उघडू लागते किंवा मुदतीआधीच पाणी जाते. दुसऱ्या वाटेने ती डॉक्टरांना घडवून आणावी लागते, कारण आईचा रक्तदाब धोकादायक वाढलेला असतो, मधुमेह आवाक्याबाहेर गेलेला असतो किंवा बाळाची वाढ खुंटलेली असते. स्थूल स्त्रियांमध्ये उच्च रक्तदाब, प्रीएक्लॅम्प्सिया आणि गर्भारपणातील मधुमेह यांचे प्रमाण अधिक असल्याने दुसरी वाट अधिक वाहती असते. स्वीडनच्या अभ्यासात वैद्यकीय कारणाने कराव्या लागलेल्या अकाली प्रसूतींचे प्रमाण वजनाच्या प्रत्येक पायरीबरोबर वाढताना दिसले. आपोआप होणाऱ्या प्रसूतींमध्ये ही वाढ मुख्यतः अगदी लवकरच्या, म्हणजे २८ आठवड्यांआधीच्या, टप्प्यात आढळली.

येथे एक विसंगतीही दिसते. स्थूल स्त्रियांमध्ये दिवस उलटून जाण्याचे, म्हणजे ४२ आठवड्यांपर्यंतही कळा न येण्याचे, प्रमाणही अधिक असते. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक तयार करतात. प्रयोगशाळेत गर्भाशयाच्या स्नायूंच्या तुकड्यांवर त्याचा प्रयोग केला असता स्नायूंचे आकुंचन मंदावते, असे आढळले आहे. एकाच शरीरस्थितीत एकीकडे कळा लांबवणारे घटक आणि दुसरीकडे दाह व रक्तवाहिन्यांचे विकार वाढवणारे घटक नांदत असतात. सर्व स्थूल स्त्रियांसाठी एकच जैवसूचक पुरेसा पडत नाही, याचे एक कारण हेच आहे.

आज वापरात असलेल्या खुणा

सर्वांत परिचित खूण म्हणजे फीटल फायब्रोनेक्टिन हे प्रथिन. गर्भावरण आणि गर्भाशयाचे अस्तर यांना ते गोंदासारखे जोडून ठेवते. गर्भारपणाच्या साधारण २२ ते ३४ आठवड्यांत ते योनीस्रावात जवळजवळ आढळू नये, अशी अपेक्षा असते. मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम किंवा अधिक आढळले तर तो जोड सैल होत असल्याचा संशय घेतला जातो. १९९१ मध्ये या चाचणीवरील महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध झाला. ही चाचणी ‘नाही’ म्हणण्यात तरबेज आहे. पोटात दुखत असलेल्या गर्भवतीची चाचणी नकारात्मक आली तर पुढील आठवडाभरात प्रसूती होण्याची शक्यता फारच थोडी असते. मात्र ती होकारार्थी आली म्हणून प्रसूती होईलच असे नाही. शिवाय रक्तस्राव, नुकताच झालेला शरीरसंबंध किंवा नुकतीच झालेली अंतर्गत तपासणी यांमुळेही ती चुकीने होकारार्थी येऊ शकते. काहीच त्रास नसलेल्या स्त्रियांची सरसकट ही चाचणी करू नये, असे अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे मत आहे.

दुसरी खूण रेणूची नसून मोजमापाची आहे. योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशयमुखाची लांबी मोजतात. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर धोका वाढलेला समजतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत चरबीच्या थरामुळे चित्र अंधूक येते. योनीमार्गे केलेल्या तपासणीत मात्र हा थर आड येत नाही, म्हणून स्थूल स्त्रियांसाठी ती विशेष उपयोगी ठरते. या निदानाला उपायाचीही जोड आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गर्भाशयमुख १५ मिलिमीटर किंवा त्याहून आखूड असलेल्या स्त्रियांना योनीमार्गे प्रोजेस्टेरॉन दिले गेले. त्यांच्यात ३४ आठवड्यांआधीच्या प्रसूतीचे प्रमाण ३४.४ टक्क्यांवरून १९.२ टक्क्यांवर उतरले.

वजन आकडा कसा बदलते?

रक्तातील खुणांकडे वळले की अडचणी सुरू होतात. आपोआप होणाऱ्या अकाली प्रसूतीमागे अनेकदा जंतुसंसर्ग आणि दाह असतो. त्यामुळे इंटरल्युकिन-६ आणि सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन हे दाहाचे निर्देशक संशोधकांना पहिल्यापासून आकर्षक वाटले. पण चरबीच्या पेशी स्वतःच इंटरल्युकिन-६ स्रवतात आणि त्याच्या इशाऱ्यावर यकृत सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन बनवते. परिणामी स्थूल स्त्रीच्या रक्तात कोणताही संसर्ग नसताना हे आकडे चढलेले असू शकतात. सडपातळ स्त्रीच्या बाबतीत धोक्याची घंटा ठरेल असा आकडा तिच्या बाबतीत रोजचाच असेल.

दुसरी अडचण पातळ होण्याची. शरीर मोठे, तसे रक्तातील द्रवाचे एकूण प्रमाणही अधिक. वारेतून येणारी पॅप-ए किंवा एचसीजी यांसारखी द्रव्ये तेवढीच तयार झाली तरी अधिक द्रवात मिसळल्याने त्यांची मोजलेली पातळी कमी भरते. म्हणूनच पहिल्या तिमाहीतील तपासणीत प्रयोगशाळा गर्भवतीचे वजन विचारते आणि त्यानुसार आकडा दुरुस्त करते. फॉर्मवर वजन अंदाजाने लिहिले, तर ही दुरुस्तीच चुकते.

रक्तातील जनुकीय अंशांवर आधारलेल्या नव्या चाचण्याही यातून सुटलेल्या नाहीत. आईच्या रक्तात वारेतून आलेल्या डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात. आईचे वजन वाढते तसा एकूण डीएनएमधील या तुकड्यांचा वाटा घटतो आणि गुणसूत्रदोषांची चाचणी निष्कर्षाविना परत येण्याचे प्रमाण वाढते, हे आता सर्वमान्य आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील स्टीफन क्वेक यांच्या गटाने २०१८ मध्ये आईच्या रक्तातील आरएनएच्या तुकड्यांवरून अकाली प्रसूतीचा अंदाज बांधण्याची पद्धत मांडली. ती आशादायक असली तरी मोजक्याच स्त्रियांवर आजमावलेली होती. मोठ्या आणि निरनिराळ्या वजनांच्या गटांवर कस लागेपर्यंत अशा पद्धतीला रोजच्या वापराचे साधन म्हणता येत नाही.

दोन प्रथिनांचे गुणोत्तर

वजनाचा हा पेच प्रत्यक्ष चाचणीच्या रचनेतच मान्य केल्याचे ठळक उदाहरण अमेरिकेत सापडते. तेथील ११ केंद्रांवर साडेपाच हजारांहून अधिक गर्भवतींची नोंद करून झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात गर्भारपणाच्या मध्यावर रक्तातील दोन प्रथिनांचे गुणोत्तर तपासले गेले. पहिले आयबीपी-४, ज्याचा संबंध वारेच्या आणि गर्भाच्या वाढीशी आहे. दुसरे एसएचबीजी, जे यकृतात तयार होते आणि लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवते. पैकी दुसऱ्याची पातळी स्थूलतेत आणि रक्तातील इन्शुलिन वाढल्यावर घटते, हे पूर्वीपासून ठाऊक होते. साहजिकच संशोधकांनी बीएमआयची मर्यादा घातली. २२ पेक्षा जास्त आणि ३७ पर्यंत बीएमआय असलेल्या स्त्रियांमध्ये चाचणी चांगली चालली. तिची संवेदनशीलता ७५ टक्के आणि नेमकेपणा ७४ टक्के भरला. ज्या अतिस्थूल स्त्रियांना धोका सर्वाधिक, त्यांतील अनेक जणी या मर्यादेच्या बाहेरच राहिल्या.

हे टक्के ऐकायला भरघोस वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा अर्थ काय, ते एका साध्या हिशेबाने कळेल. समजा १,००० गर्भवतींपैकी १०० जणींची प्रसूती वेळेआधी होणार आहे. ७५ टक्के संवेदनशीलतेची चाचणी त्यांतील ७५ जणींना अचूक ओळखेल आणि २५ जणी निसटतील. उरलेल्या ९०० जणींपैकी २६ टक्के, म्हणजे २३४ जणींना ती विनाकारण धोक्याच्या यादीत टाकेल. एकूण ३०९ जणींचा अहवाल ‘धोका अधिक’ असा येईल आणि त्यांतील साधारण चौघींपैकी एकीचीच प्रसूती खरोखर लवकर होईल. अशा अहवालाचा अर्थ ‘लक्ष ठेवा’ एवढाच घ्यायचा असतो. तो निकाल मानून घरात रडारड करणे किंवा अंथरुणाला खिळून राहणे योग्य नव्हे.

जेथे खुणा अधिक बोलक्या आहेत

डॉक्टरांना घडवून आणाव्या लागणाऱ्या अकाली प्रसूतीच्या बाबतीत चित्र अधिक स्पष्ट आहे. प्रीएक्लॅम्प्सियात वारेचा रक्तपुरवठा नीट रुजलेला नसतो. अशा वारेतून पीएलजीएफ हे रक्तवाहिन्यांना पोसणारे प्रथिन कमी स्रवते आणि त्याला अडवणारे एसफ्लिट-१ अधिक स्रवते. या दोहोंचे गुणोत्तर ३८ किंवा त्याहून कमी असेल तर पुढील आठवडाभरात प्रीएक्लॅम्प्सिया होण्याची शक्यता अत्यल्प असते, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुराष्ट्रीय अभ्यासात दिसून आले.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे येथे हाताशी स्वस्त औषध आहे. ११ ते १४ आठवड्यांदरम्यान रक्तदाब, गर्भाशयाच्या रोहिणीतील रक्तप्रवाह, पीएलजीएफ आणि आईचा पूर्वेतिहास एकत्र पाहून धोका मोजतात. त्यात वजनाचाही हिशेब धरलेला असतो. अशा रीतीने धोका अधिक ठरलेल्या स्त्रियांना रोज १५० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिल्यावर ३७ आठवड्यांआधीच्या प्रीएक्लॅम्प्सियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आल्याचे २०१७ च्या एका चाचणीत आढळले. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत सहा देशांतील पहिलटकरणींना ८१ मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन दिले गेले. भारतातील तिची केंद्रे बेळगाव आणि नागपूर ही होती. मुदतपूर्व प्रसूतींचे प्रमाण त्यात १३.१ टक्क्यांवरून ११.६ टक्क्यांवर उतरले. अर्थात, हे औषध कोणी, केव्हा आणि किती घ्यायचे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

गोव्यासाठी याचा अर्थ

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय २५ किंवा त्याहून अधिक आहे. गोव्यात हेच प्रमाण सुमारे ३६ टक्के आहे. जागतिक संकेतानुसार ३० च्या पुढे स्थूलता मानतात. भारतीयांच्या शरीरात त्याच निर्देशांकाला चरबी अधिक असते, म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये ही रेषा २५ वर आणली. दीड मीटर उंचीच्या आणि ६० किलो वजनाच्या स्त्रीचा निर्देशांक २६.७ येतो. जागतिक मोजपट्टीने ती स्थूल ठरत नाही, भारतीय मोजपट्टीने ठरते.

परदेशातील स्त्रियांवर बेतलेल्या चाचण्यांच्या मर्यादा येथे आयत्या उचलून चालत नाही, ते यामुळेच. फरिदाबादच्या ट्रान्सलेशनल हेल्थ सायन्स अँड टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने २०१५ पासून गुरुग्राम येथे ‘गर्भिणी’ प्रकल्प सुरू आहे. आठ हजारांहून अधिक गर्भवतींची त्यात नोंद झाली असून भारतीय स्त्रियांमधील अकाली प्रसूतीचे जैवसूचक शोधणे हा त्याचा एक उद्देश आहे. मात्र समुद्रकाठच्या आणि अधिक वजनाच्या लोकसंख्येला हे निष्कर्ष कितपत लागू पडतात, ते त्या लोकसंख्येतच तपासावे लागेल.

तोवर काय करता येईल?

हातात असलेली साधने साधी असली तरी दुबळी नाहीत. पहिली भेट लवकर व्हावी आणि त्याच वेळी उंची व वजन प्रत्यक्ष मोजून नोंदवले जावे. अधिक वजनाच्या अनेक स्त्रियांची पाळी अनियमित असते आणि शेवटच्या पाळीवरून काढलेली तारीख चुकते. पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफीने दिवस पक्के करून घ्यावेत, कारण दिवसच चुकले तर ‘मुदतपूर्व’ हा शब्दच निरर्थक होतो. दंड जाड असेल तर रक्तदाब मोजताना मोठा पट्टा मागावा. लहान पट्ट्याने रक्तदाब खोटाच वाढलेला दिसतो. ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन करायची साखरेची तपासणी पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांदरम्यान करण्याची राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे. आधीची प्रसूती अकाली झाली असल्यास ते आवर्जून सांगावे, कारण कोणत्याही नव्या रेणूइतकीच ती माहिती मोलाची असते.

गर्भारपण ही वजन उतरवण्याची वेळ नव्हे आणि ‘दोन जिवांचे’ म्हणून दुप्पट खाण्याचीही नव्हे. बीएमआय ३० किंवा अधिक असलेल्या स्त्रीचे वजन पूर्ण गर्भारपणात ५ ते ९ किलो वाढावे, असे अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनचे २००९ चे मार्गदर्शन सांगते.

३७ आठवड्यांआधी पाणी जाणे, रक्त दिसणे, ठरावीक अंतराने पोट कडक होणे, ओटीपोटात दाब किंवा कंबरेत सतत कळ येणे ही पहिल्या वाटेची लक्षणे आहेत. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी आणि चेहऱ्यावर अचानक आलेली सूज ही दुसऱ्या वाटेची आहेत. यांपैकी काहीही जाणवले तर प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता इस्पितळ गाठावे. वाहन नसेल तर १०८ वर फोन करावा. तपासणीची फाईल आणि पहिल्या भेटीतील वजनाची नोंद सोबत न्यावी, म्हणजे तेथे काढलेला प्रत्येक आकडा त्या स्त्रीच्या शरीराच्या संदर्भात वाचता येईल.